घरी वॅक्स केलेला स्नोबोर्ड बर्फाला चिकटतो: नेमके काय चुकते आहे?

डेन्व्हरवासी (प्रश्न)

नमस्कार. मी कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहतो आणि मागच्या हिवाळ्यापासून स्नोबोर्डिंग शिकतो आहे. डिसेंबरात एक वापरलेला बोर्ड विकत घेतला. त्याचा तळ सिंटर्ड प्रकारचा, म्हणजे प्लास्टिकची पूड उष्णतेने व दाबाने सांधून बनवलेला आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. प्रत्येक वेळी दुकानातून वॅक्स, म्हणजे तळाला घसरण्यासाठी लावायचे मेण, करून घेणे खिशाला जड वाटू लागले, म्हणून वॅक्सची एक वडी, प्लास्टिकचा स्क्रेपर आणि घरातली जुनी कपड्यांची इस्त्री एवढ्या सामग्रीवर हे काम मी गॅरेजमध्ये स्वतः केले. इस्त्री ‘कॉटन’वर ठेवली होती, कारण त्याहून कमी तापवली की वॅक्स झटकन वितळत नव्हते. मध्ये दोन-तीनदा धूर झाला, पण मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. थंड झाल्यावर वरवरचा थर खरवडला. सगळेच काढून टाकायचे, तर मग लावायचे कशाला, अशा विचाराने एक पातळ थर मुद्दाम राहू दिला.

परवा लव्हलँडच्या स्की-उतारांवर गेलो. लिफ्टकडे जाणाऱ्या सपाट पट्ट्यावरून इतर लोक सहज घरंगळत पुढे जात होते आणि मला मात्र दर वेळी मागचा पाय बाइंडिंगमधून, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडीतून, सोडवून बोर्ड ढकलावा लागत होता. दुपारी ऊन चढून बर्फ भिजला, तेव्हा तर कोणी मागून ओढून धरावे तसा बोर्ड अडखळू लागला. घरी येऊन पाहिले तर बाइंडिंगच्या स्क्रूंच्या खाली तळाला बारीक खळगे पडलेले दिसले, कडांना लागून पांढरट पट्टे होते, पोलादी कडांवर तांबूस गंज चढला होता आणि मध्यभागी दगड लागून गेलेली एक चीर होती. तळ जळला आहे का? थर ठेवणे ही चूक होती का? आणि कडांची धार घरी लावावी, की ते काम दुकानावरच सोपवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

कॅलगरीकर

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक त्रासाचे मूळ तिथेच आहे. वॅक्स तळावर राहण्यासाठी लावायचे नसते, ते तळात मुरण्यासाठी लावायचे असते. बिडाचा नवा तवा मुरवताना आपण तेल लावून तापवतो आणि वरचे तेल पुसून टाकतो. ते तसेच राहू दिले, तर तवा चिकट होतो आणि पहिला घावन उलथन्याला दाद देत नाही. बोर्डाचेही तसेच आहे. मुरेल तेवढे मुरू द्यायचे आणि उरलेले सगळे खरवडून, ब्रशने झटकून काढायचे. स्क्रेपर फिरवल्यावर कीस निघणे पूर्ण थांबेपर्यंत हात थांबवू नये.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढच्या चुका टळतील. बोर्ड सरकताना घर्षणाने बर्फाचा अगदी वरचा पापुद्रा वितळतो आणि पाण्याच्या त्या पातळ पदरावरून आपण घसरतो. कडाक्याच्या थंडीत हा पदर फारच पातळ असतो आणि बर्फाचे स्फटिक टोकदार व कठीण असतात. ते मऊ वॅक्समध्ये रुततात आणि बोर्ड ओढला जातो. उन्हाळलेल्या बर्फात याच्या अगदी उलट होते. तिथे पाणी नको इतके साठते आणि ओली काच टेबलाला धरून बसावी तसा तळ बर्फाला धरून बसतो. ते पाणी निघून जावे म्हणून तळावर उभ्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. आपण जो थर राखून ठेवला, त्याने सकाळी मऊपणामुळे ओढ निर्माण केली आणि दुपारी त्याच रेषा बुजवून ठेवल्या. एकाच चुकीची ही दोन फळे आहेत.

आता इस्त्री. तळ अतिशय दीर्घ रेणूंच्या पॉलिथिलीनचा असतो आणि ते १३० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढेमागे मऊ होऊन वितळू लागते. वसंतातल्या मऊ वॅक्सला इस्त्री १२० अंशांच्या आसपास पुरते, कडाक्याच्या थंडीसाठी असलेल्या कठीण वॅक्सला १५० अंशांपर्यंत जावे लागते. नेमका आकडा वडीच्या वेष्टनावर छापलेला असतो. इस्त्री १५० अंशांवर असूनही तळ शाबूत राहतो, तो केवळ दोन गोष्टींमुळे: इस्त्री आणि तळ यांच्यामध्ये वितळलेल्या वॅक्सचा पदर असतो आणि इस्त्री एका जागी क्षणभरही थांबत नाही. इस्त्रीच्या मागे दहा-पंधरा सेंटीमीटर लांबीची ओली रेघ राहील, इतक्या संथ पण सलग गतीने ती नाकापासून (पुढच्या टोकापासून) शेपटीकडे (मागच्या टोकाकडे) न्यावी. अधूनमधून बोर्डाच्या वरच्या बाजूला तळहात लावून पाहावा; तो भाग कोमट लागला तर ठीक, चटका जाणवला तर आपण फार रेंगाळलो. धूर दिसला, तर इस्त्री निश्चितपणे अति तापली आहे, असे समजून तापमान कमी करावे.

पांढऱ्या पट्ट्यांवरून तळ जळलाच, असा निष्कर्ष मी काढणार नाही. कडांलगतचा भाग कठीण बर्फावर सर्वाधिक घासला जातो, तिथले वॅक्स आधी संपते आणि कोरडा पडलेला तळ पांढरट दिसतो. वापरलेल्या सिंटर्ड बोर्डावर हे नेहमीच दिसते, कारण हा तळ एक्स्ट्रूडेड, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबाने पत्र्यासारखे काढलेल्या, तळापेक्षा अधिक वॅक्स पितो आणि उपाशी ठेवला तर त्याच्यापेक्षाही मंद होतो. खरोखर भाजलेला भाग गुळगुळीत, काचेसारखा दिसतो आणि वॅक्स आत घेत नाही. तेव्हा आधी मऊ वॅक्स लावून ते गरम असतानाच खरवडून टाका; त्याबरोबर आत बसलेली घाणही वर येते. कीस राखाडी निघाला, तर पुन्हा करा. स्वच्छ निघू लागला की योग्य वॅक्स लावा आणि खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास थंड होऊ द्या. मी तर रात्रभर ठेवतो. घाई म्हणून बोर्ड बाहेर बर्फात नेऊन ठेवू नये. असे दोन-तीन वेळा केल्यावर पट्टे गेले, तर तळ फक्त तहानलेला होता.

खळग्यांचे कारण बहुधा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेले असणे हे आहे, आणि इस्त्रीची उष्णता त्याच धातूतून आत जाते म्हणून ते वाढतात. वॅक्स करण्यापूर्वी बाइंडिंग काढून ठेवावीत. खळगे दिसायला वाईट असले, तरी चालीत त्यांचा फारसा फरक जाणवत नाही.

गुलमर्गचा पुणेकर

वरील प्रतिसादाशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. केवळ दोन ठिकाणी वेगळा अनुभव नोंदवतो.

मी दर फेब्रुवारीत पुण्याहून बोर्ड घेऊन गुलमर्गला जातो. तिथे दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत वॅक्स करताना बाइंडिंग पूर्ण काढणे, पुन्हा कोन मोजून बसवणे, हे मला झेपत नाही. मी स्क्रू एक-दीड फेरा सैल करतो आणि त्या जागेवरून इस्त्री जरा चपळाईने नेतो. आठ हंगामांत खळगे पडलेले नाहीत. दुसरे म्हणजे, कपड्यांच्या इस्त्रीला सरसकट दोष देऊ नये. तिचे खरे दुखणे असे, की तिचा थर्मोस्टॅट बराच वर-खाली होऊन चालू-बंद होतो आणि वाफेच्या भोकांत वॅक्स जाऊन बसते. बिनवाफेची जाड तळाची जुनी इस्त्री मिळाली आणि इन्फ्रारेड तापमापकाने तिचा खरा आकडा पाहून घेतला, तर काम निभावते. मात्र ती परत शर्टावर फिरवायची नाही. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. आमच्याकडे एका पांढऱ्या कुडत्याचा बळी गेल्यावर ही शिस्त आली.

गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या उतारावर, म्हणजे गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याच्या वर, फेब्रुवारीत बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो, पण खाली गुलमर्गच्या मैदानाशी येईपर्यंत दुपारी तोच ओला झालेला असतो. एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. अशा वेळी मी वरच्या थंडीला साजेसे वॅक्स लावतो आणि खिशात मऊ वॅक्सची छोटी वडी ठेवतो. दुपारी ती तळावर चोळून बुचाच्या तुकड्याने घासली की उरलेल्या दोन-तीन फेऱ्या निघतात. विमानप्रवासात घन वॅक्सची अडचण येत नाही, पण तळ साफ करण्याचे ज्वालाग्राही द्रावण सामानात ठेवू नये. एरवीही ते जपूनच वापरावे, कारण ते घाणीबरोबर मुरलेले वॅक्सही ओढून काढते.

झुरिचमधला यंत्रज्ञ

कडांविषयी कोणी अजून लिहिले नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

वरवरचा तांबूस गंज ही गंभीर बाब नाही. रबरासारख्या घर्षक वडीने, म्हणजे गम स्टोनने, तो दोन मिनिटांत जातो. तो मुळात येऊ नये म्हणून डोंगरावरून परतल्यावर बोर्ड पुसावा आणि ओला बोर्ड पिशवीत बंद करून ठेवू नये. दगड लागून जिथे कड ठेचली आहे, तिथे पोलाद कठीण झालेले असते. तिथे थेट कानस चालवली, तर ती घसरते आणि तिचे दाते बोथट होतात. आधी ओल्या डायमंड स्टोनने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या घासणीच्या वडीने, ती जागा उतरवावी.

धार लावताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कडेचे दोन पृष्ठभाग असतात, एक तळाच्या बाजूचा आणि एक बाहेरच्या बाजूचा. तळाकडचा पृष्ठभाग साधारण एक अंशाने उचललेला असतो. त्याला घरी हात लावू नये, कारण तिथून घालवलेले पोलाद दुकानात तळ घासून घेतल्याशिवाय परत मिळत नाही. घरी फक्त बाहेरची बाजू घासावी. त्यासाठी ८९ किंवा ८८ अंशांचा गाइड मिळतो, तो कानशीला पकडून ठेवतो आणि कोन हाताच्या अंदाजावर राहत नाही. सुरू करण्यापूर्वी कडेवर मार्कर पेनने रेघ मारावी: शाई सगळीकडून सारखी निघाली, तर आपला कोन आणि मूळचा कोन जुळतो आहे. कानस एकाच दिशेने ओढावी, करवतीसारखी मागेपुढे नेऊ नये. मग कानशीने धारेवर उठलेली धातूची बारीक कूस डायमंड स्टोनने मोडावी आणि शेवटी नाक व शेपटी यांच्या वळणाजवळची धार गम स्टोनने किंचित मारावी. तिथे तीक्ष्ण कड राहिली, तर नवशिक्याचा बोर्ड वळताना अचानक बर्फात अडकतो. नखाची पाठ कडेवर आडवी ओढल्यावर पांढरी पूड निघाली, तर धार पुरेशी आहे. पावडरवर, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फावर, चालणाऱ्यांना याहून अधिक धारेची गरज नसते.

चिरेबाबत: चिरेच्या तळाशी फक्त काळे किंवा रंगीत प्लास्टिकच दिसत असेल, तर पी-टेक्सची, म्हणजे तळासारख्याच पॉलिथिलीनची, कांडी पेटवून थेंब भरता येतात. ज्योत लहान आणि निळसर ठेवावी, पिवळी झाली की काजळी मिसळते आणि भरण ठिसूळ होते. नंतर उंचवटा पोलादी स्क्रेपरने सपाट करावा. चिरेतून फायबरग्लास किंवा लाकूड दिसत असेल, तर मात्र आधी बोर्ड वाळवून दुकानात द्यावा, कारण आत पाणी शिरले की थर सुटू लागतात.

एक इशारा देतो, कारण प्रश्नात धुराचा उल्लेख आहे. बोर्डाबरोबर जुन्या वॅक्सचा डबा फुकट मिळाला असेल, तर त्यात फ्लोरिनयुक्त वॅक्स तर नाही ना, हे पाहावे. ही रसायने निसर्गात विघटित होत नाहीत आणि तापलेल्या इस्त्रीवरची त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यांच्यावर पूर्ण बंदी घातली आहे. साधे वॅक्स असले, तरी गॅरेजचे दार उघडे ठेवावे, आणि खरवडलेला कीस मोरीत न सोडता कागदावर गोळा करून कचऱ्यात टाकावा.

डेन्व्हरवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बाइंडिंग काढली, तेव्हा पुढच्या बाजूचे स्क्रू खरोखरच दोन्ही हातांनी जोर लावल्यावर सुटले. गरम असतानाच खरवडण्याचा प्रकार केला, तर पहिल्या दोन वेळा कीस शिसपेन्सिलीच्या भुश्यासारखा काळसर निघाला आणि तिसऱ्यांदा पांढरा. पायाच्या बोटांकडचे पट्टे पूर्ण गेले. टाचेकडे, पुढच्या पायाजवळ, तळहाताएवढा भाग मात्र चकचकीत राहिला असून तिथे वॅक्स पाण्याच्या थेंबासारखे गोळा होते. मी इस्त्री ठेवून फोन घ्यायला गेलो होतो, ती जागा बहुधा हीच. चिरेत फक्त काळे प्लास्टिक दिसते. या डागासाठी बोर्ड लगेच दुकानात न्यावा का? आणि मेनंतर तो सहा महिने गॅरेजमध्ये कसा ठेवावा?

कॅलगरीकर

तो भाग भाजलेलाच आहे. त्यावर दुकानात दगडी चाकावर तळ घासून घेणे हा एकच उपाय आहे, पण तळाची जाडी जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर असते आणि दर घासणीत त्यातली थोडी जाते. तळहाताएवढ्या डागासाठी मी हंगामाच्या मध्यावर ती खर्ची घालणार नाही. यंदा असाच चालवा, चीर घरी भरून घ्या आणि पुढच्या नोव्हेंबरात एकदाच तळ घासून, कडांचे दोन्ही कोन नव्याने करून घ्या. रेषाही ताज्या होतील.

मेमध्ये बोर्ड स्वच्छ करून वाळवा, कडांवरचा गंज काढा आणि मऊ वॅक्सचा जाड थर कडांवरही ओघळेल असा लावा. हा थर खरवडू नका. वर्षातून एवढ्या एकाच वेळी आपली मूळची पद्धत बरोबर ठरते. बाइंडिंग काढलेलीच राहू द्या. डेन्व्हरचे गॅरेज उन्हाळ्यात तापत असेल, तर बोर्ड घरातल्या कपाटात आडवा ठेवलेला चांगला. सिमेंटच्या ओलसर फरशीवर उभा करून ठेवू नका. पहिल्या बर्फाची बातमी आली की थर खरवडा, ब्रश करा आणि त्या दिवसाच्या थंडीचे वॅक्स लावा.

आणि इस्त्री चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.