स्प्रिंग ‘ढिली’ पडते, ‘ताणली’ जाते की ‘बसते’?

तापीकाठ_चोपडा: कापूस वेचणीला शेतात टांगायचा स्प्रिंगकाटा असतो. क्षमतेपेक्षा जड गाठोडं अडकवलं की नंतर रिकाम्या काट्याचीही सुई शून्यावर येत नाही. लोक म्हणतात ‘स्प्रिंग ढिली पडली’, पुस्तकात ‘स्थितिस्थापकता मर्यादा ओलांडली’. दोन्हींचा अर्थ एकच ना? ‘लवचिकता संपली’ म्हटलं तर?

भौतिकी_धुळे: ‘लवचिकता’ नको. लवचिक म्हणजे सहज वाकणारं, स्थितिस्थापक म्हणजे बल काढल्यावर मूळ आकारात परतणारं. शिशाची तार सहज वाकते, पण परतत नाही. आणि ‘संपली’ही नको. मर्यादा ओलांडलेली स्प्रिंग भार काढल्यावर बरीचशी परत येतेच, थोडी वाढ मात्र तशीच राहते. त्या उरलेल्या वाढीला ‘कायमची विकृती’ म्हणावं.

वर्कशॉप_भुसावळ: माझा आक्षेप ‘ढिली’ला आहे, कारण त्या शब्दामुळे दुरुस्ती चुकते. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. वेढ्याच्या व्यासाचा घन आणि वेढ्यांची संख्या वाढली की कमी होतो. थोडी जास्त ओढली गेल्याने यातलं काहीच फारसं बदलत नाही. बदलते ती मोकळी लांबी.

समजा ताठरपणा दर मिलिमीटरला 2 न्यूटन आणि मोकळी लांबी 200 मिमी आहे. 250 मिमीपर्यंत ओढली की 100 न्यूटन बल मिळतं (वेढे एकमेकांना चिकटवून ठेवणारा सुरुवातीचा ताण इथे धरलेला नाही). आता ती ताणली जाऊन मोकळी लांबी 210 झाली, तर त्याच 250 वर 80 न्यूटनच मिळतील. हाताला ढिली लागते, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला अजूनही 2 न्यूटनच लागतात. म्हणून काट्याचं शून्य स्क्रूने जुळवलं की वजन बहुधा बरोबर येतं. तरी पाव, अर्ध्या आणि पूर्ण क्षमतेला प्रमाणित वजनं लावून पाहायलाच हवं. व्यवहारात वापरायचा काटा असेल तर दुरुस्तीनंतर वैधमापन विभागाची पडताळणीही लागते.

तापीकाठ_चोपडा: मग ‘ताणली गेली’ हाच शब्द बरोबर?

वर्कशॉप_भुसावळ: स्प्रिंगसाठी हो, तारेसाठी नाही. स्प्रिंग ओढली तरी तिची तार मुख्यतः पिळली जाते. पिळाचं प्रतिबल (म्हणजे दर क्षेत्रफळामागे धातूत येणारं बल) पृष्ठभागावर सर्वाधिक आणि वेढ्याच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त असतं, म्हणून तिथलं स्टील आधी हार मानतं. गाभा अजून स्थितिस्थापकच असतो. त्यामुळे सुरुवातीला विकृती अगदी थोडी असते आणि डोळ्यांना दिसत नाही. स्प्रिंग अडकवायच्या दोन्ही टोकांच्या आकड्यांचं (हुकांचं) मात्र वेगळं आहे. तिथे तार वाकवली जाते आणि तुटते ती बहुतेक त्या वळणावरच.

शेतीऔजारं_शिरपूर: कल्टिव्हेटरच्या ओढ-स्प्रिंगात हे लगेच कळतं. नवीन स्प्रिंगचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. फण मुळात किंवा दगडात अडकून मर्यादेबाहेर ओढला गेला की सुटल्यावरही वेढ्यांत फट राहते. फट दिसली म्हणजे सुरुवातीचा ताण गेला. मग तो फण कडक जमिनीत बाकीच्यांआधी मागे सरतो आणि तास उथळ निघतो. नट आवळून तात्पुरतं भागतं. पण लाल तापवून वेढे दाबू नका, कडकपणाच जातो. तो परत आणायला तेलात विझवून, मोजक्या तापमानाला पुन्हा तापवावं लागतं आणि गावच्या भट्टीत तो अंदाज साधत नाही. बदलताना त्या फणाच्या स्प्रिंगांची जोडीच बदला.

भौतिकी_धुळे: प्रयोगशाळेत मर्यादा शोधायची तर भार वाढवत नेऊन नुसता आलेख काढणं पुरेसं नाही. रेषा वाकते ती प्रमाण मर्यादा, तिथपर्यंतच हूकचा 1678 चा नियम (वाढ भाराच्या प्रमाणात होते) चालतो. स्थितिस्थापकता मर्यादेसाठी प्रत्येक पायरीला भार पूर्ण उतरवून मोकळी लांबी पुन्हा मोजावी. ज्या भारानंतर ती पहिल्यांदा परत येत नाही, त्याच्या आणि आधीच्या भाराच्या दरम्यान मर्यादा असते.

तापीकाठ_चोपडा: ट्रकचे पाटे ‘बसले’ म्हणतात, तेही हेच का?

वर्कशॉप_भुसावळ: हो, फक्त तिथे पाटा वाकून त्याची कमान कमी होते. दाब-स्प्रिंगलाही ‘बसली’च म्हणतात. पण ‘बसलेली’ आणि ‘बसवलेली’ यांत फरक ठेवा भाऊ. काही दाब-स्प्रिंग कारखान्यात मुद्दाम थोड्या लांब गुंडाळतात आणि वेढ्याला वेढा टेकेपर्यंत काही वेळा दाबतात. त्या तिथेच मर्यादा ओलांडून ठरलेल्या लांबीवर येतात. पृष्ठभागात उलट दिशेचं प्रतिबल शिल्लक राहतं, म्हणून पुढे तेवढ्याच दाबाला त्या सहसा आणखी बसत नाहीत.