नर्सिंगची पहिली मुलाखत: फॉर्मल कपडे की स्क्रब्ज?

निळी फाइल:
नर्सिंग पूर्ण झालं की सल्ला मिळतो, 'स्क्रब्ज, म्हणजे हॉस्पिटलातला सैल सदरा-पँट, घालूनच जा, नर्स वाटाल.' माझा ठाम विरोध आहे. वॉर्डातले कपडे रस्त्यावर आणि रस्त्यावरचे वॉर्डात न्यायचे नाहीत, हे विद्यार्थीदशेतच शिकवतात. मग मेट्रनसमोर, म्हणजे मुख्य नर्ससमोर, स्क्रब्जमध्ये बसलात की तिला पहिला प्रश्न पडणार, हे घालून प्रवास केला का? शिवाय अनेक हॉस्पिटलांत स्क्रब्जचा रंग हुद्दा किंवा विभाग सांगतो. नेमका इन्चार्ज सिस्टरचा रंग घालून गेलात तर? कॉलेजचा गणवेश तर नकोच, त्यात तुम्ही विद्यार्थीच दिसता. गडद पँट, फिकट शर्ट, ब्लेझर, बंद बूट. नुसता अर्ज द्यायला जातानाही हेच.

तिसरी पाळी:
अजिबात पटलं नाही. ब्लेझर ऑफिसात शोभतो. बऱ्याच ठिकाणी मुलाखतीला जोडूनच प्रात्यक्षिक असतं. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, दाखवताना मॅनिकिनची (सरावाच्या पुतळ्याची) छाती 5 ते 6 सेंमी दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, कोपर ताठ ठेवून. अंगासरसा ब्लेझर खांद्यात ओढतो, वजन खाली येत नाही, दाब उथळ पडतो. हात धुताना बटणाचा कफ वर सरकत नाही, मनगटं कोरडीच राहतात. तिथेच गुण जातात. त्यापेक्षा धुऊन इस्त्री केलेले साधे स्क्रब्ज बरे. नुकतंच शिक्षण संपलेल्या मुलांनी एका दिवसासाठी ब्लेझर विकत घ्यायचा, हेही मला अन्यायाचं वाटतं.

निळी फाइल:
ब्लेझर सक्तीचा नाही, तो मुद्दा मान्य. आत अर्ध्या बाहीचा शर्ट असला की कफचाही प्रश्न मिटतो. इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत रुग्णाजवळ कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा दंडक आहे, तो मुलाखतीलाही उपयोगी. प्रात्यक्षिक आहे का हे बोलावणं आल्यावर लगेच विचारा. असेल तर स्वच्छ स्क्रब्ज बंद पिशवीत न्या आणि तिथे बदला. घालून जाऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

टाचणी:
तुम्ही कापडावरून वाद घालताय, पण जाणकार नजर आधी हातांवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेनुसार नखाचं टोक 0.5 सेंमीपेक्षा कमी हवं, आणि रुग्णाला थेट हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत. कारण नखाखालचे जंतू हात धुऊनही पुरते जात नाहीत. नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनास या जंतूच्या साथीचा संबंध अशा नखांशी जोडला गेलाय. जेल, अ‍ॅक्रिलिक आधीच काढून टाका. अंगठ्या, ब्रेसलेट घरी. केस कॉलरच्या वर बांधलेले. परफ्यूम मुळीच नको, दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते. आणि एन-95 लावायचा तर दाढी नको, केसांमुळे मास्कची कड त्वचेला चिकटत नाही.

तिसरी पाळी:
नखांबद्दल शंभर टक्के सहमत. दाढीबद्दल नाही. काहींची ती श्रद्धा असते, आणि सैल हुडाचं हवा पुरवणारं यंत्र, म्हणजे पीएपीआर, दाढीवरही चालतं. नीट विंचरलेल्या दाढीवरून कुणाला अव्यावसायिक ठरवू नये. फिट टेस्टची, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का या तपासणीची, चर्चा नेमणुकीच्या वेळी होऊ दे.

टाचणी:
श्रद्धेचा अपवाद मान्य. दोन दिवसांची खुंटं मात्र दोन्हीकडून वाईट, दिसायलाही आणि मास्कलाही.

निळी फाइल:
कपडे कुठलेही ठरवा, आदल्या दिवशी घालून तीन हालचाली करून बघा. खुर्चीत बसा, जमिनीवरची वस्तू उचला, दोन्ही हात डोक्यावर न्या. वाकताना गळा उघडा पडतो का, हात वर करताना शर्ट पँटमधून सुटतो का, पांढऱ्या कापडातून आतलं दिसतं का, हे आरशात तपासा. पांढऱ्याखाली त्वचेच्या रंगाचे आतले कपडे घाला. बूट कोरे करकरीत नकोत. मुलाखतीनंतर वॉर्ड दाखवायला नेतात, तेव्हा नवे बूट टाचेला चावतात.

तिसरी पाळी:
याच तीन हालचालींत स्क्रब्ज सहज पास होतात! माझं मत तेच.