झुडपी गुलाब: लाड न करता फुलणारे

कुंपणकाठी:
एका पडक्या घराच्या कुंपणाला गुलाबाचं झुडूप दिसलं. ना आळं, ना खत, ना पाणी घालणारं कुणी, आणि फुलं घोसाघोसांनी. ‘गुलाब म्हणजे नाजूक प्रकरण’ हे लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य तिथल्या तिथे खोटं ठरलं, म्हणून हा धागा. नाजूकपणा आहे तो मुख्यतः हायब्रिड टीचा. लांब देठावर एकच मोठं फूल मिळावं म्हणून तो घडवला, रोगाशी झुंजणं मागे पडलं. झुडपी गुलाब बुडातून अनेक फांद्या काढतो, घोसात फुलतो, आणि एखादी फांदी मेली तरी त्याला खबर नसते. कुठली जात, कशी लावली, कुठे फसली, ते लिहा. ‘माझ्याकडे छान येतो’ एवढंच नको, मापं द्या.

खुंटमोड:
आधी एक प्रश्न विचारायला शिका: रोप स्वतःच्या मुळांवर आहे की डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर (मुळांवर) कलम केलेलं? निम्मी लढाई इथेच. डोळा भरलेल्या रोपाचा वरचा भाग थंडीने, उन्हाने किंवा बकरीने संपला की खालून उगवतो तो खुंट. बहुतेकदा मल्टिफ्लोराची बारीक पांढरी फुलं नाहीतर डॉक्टर ह्यूईची गडद लाल, आणि लोक म्हणतात ‘गुलाबाने रंग बदलला’. रंग बदलला नाही, झाड बदललं. स्वतःच्या मुळांवरचं रोप जमिनीपर्यंत गेलं तरी तेच परत येतं. पहिली एक-दोन वर्षं ते किरकोळ दिसतं, तेवढा धीर धरा.

शेणगोळा:
बकरीने 😂 बकरीला कुठलीही जात टिकत नाही, हे मापासकट लिहून घ्या.

मातीमोल:
खड्डा दीड फूट लांब-रुंद, दीड फूट खोल. निघालेल्या मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, बस. खड्डाभर नुसतं खत घातलं तर चिकण जमिनीत त्याची बादली होते, पाणी साचतं, मुळं कुजतात. शंका असेल तर खड्डा पाण्याने भरून बघा. पहिलं पाणी मुरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी चार तासांनीही तसंच असेल तर जागा बदला नाहीतर एक फुटाचा उंच वाफा करा. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८. ऊन किमान सहा तास, त्यातही सकाळचं, कारण दंव लवकर वाळतं. दोन रोपांत अंतर जातीच्या पूर्ण पसाऱ्याच्या दोन-तृतीयांश. चार फूट पसरणारी असेल तर पावणेतीन फूट. आणि जिथे आधी गुलाब मेलाय तिथे दुसरा लावू नका. लावायचाच असेल तर दीड फुटापर्यंतची माती बदला.

पानगळ:
सकाळचं ऊन वरच्या प्रतिसादात सहज येऊन गेलं, पण काळा ठिपका या बुरशीरोगाचं मूळ त्या दंवाच्या ओलीतच आहे. बुरशीचा बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. संध्याकाळी झारीने पानांवर पाणी म्हणजे रोगाला दिलेलं आमंत्रण. पाणी बुडाशी, सकाळी. गळलेली पानं तिथेच राहू देऊ नका, पुढच्या ओलीत तिथूनच थेंबांबरोबर बीजाणू वर उडतात. जमिनीलगतची फूटभर पानं काढून टाकली तरी फरक पडतो. ठिपक्याची कड पिसासारखी विस्कटलेली आणि भोवती पिवळं असेल तर हाच. कड रेखीव असेल तर दुसरं काहीतरी आहे.

भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) मात्र उलट्या स्वभावाची. तिला पान ओलं लागत नाही. दमट हवा, गार रात्री, दाटीवाटीची झाडं एवढं पुरतं. म्हणून ‘बुरशी आली, पाणी बंद’ हा उपाय तिला लागू नाही.

कळी_७:
कपडे वाळत घालता घालता विचारतेय. नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. एप्सम मीठ दोनदा घातलं, काही नाही. काय करू?

मातीमोल:
@कळीताई, एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम. ते कमी पडलं की जुनी, खालची पानं पिवळी पडतात. वरची कोवळी पडली तर लोह. जमिनीत लोह असतंच, पण सामू ७.५ च्या वर गेला की झाडाला उचलता येत नाही. चिलेटेड लोह घेताना ईडीडीएचए लिहिलेलं घ्या. ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. एप्सम थांबवा.

कळी_७:
बरं. आणि कुणीतरी हाडांचा चुरा मूठभर दर महिन्याला सांगितलाय, तो?

मातीमोल:
त्या ‘कुणीतरी’ला नमस्कार सांगा. हाडांचा चुरा म्हणजे मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस). ते मातीतून लवकर वाहून जात नाही, साठतं. जास्त झालं की लोह आणि जस्त दोन्ही अडतात. म्हणजे तुमचं पिवळं आणखी पिवळं होईल. माती तपासल्याशिवाय नको.

तिरपी_कातर:
छाटणीवर लिहायला आलेय. हायब्रिड टीसारखं गुडघ्याएवढं छाटून ठेवता आणि मग ‘झुडूप भरत नाही’ म्हणता. पहिली दोन वर्षं फक्त मेलेलं आणि मोडलेलं काढा. तिसऱ्या वर्षापासून, थंडी ओसरून डोळे फुगायला लागले की, सगळ्यात जुन्या, करड्या सालीच्या काड्यांपैकी तिसरा हिस्सा थेट जमिनीपासून काढा. बाकीच्यांची उंची फार तर एक-तृतीयांश कमी करा. तीन वर्षांत सगळं झुडूप आतून नवं होतं. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जाती मात्र फुलून झाल्यावर छाटायच्या. त्यांची फुलं गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात, थंडीत कापलं म्हणजे फुलंच कापली.

तिरपा काप, डोळ्यापासून पाव इंच वगैरे ठीक आहे, पण त्याचा सोवळ्यासारखा बाऊ नको. इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट छाटून पाहिलं होतं, फुलं कमी आली नाहीत. (नाव तिरपी कातर आणि सांगतेय हे! असो.)

कुंपणकाठी:
नाव बदलून ‘सरसकट कातर’ ठेवा ताई.

सुरकुती:
रुगोसावर कुणी बोललं नाही? जपान, कोरिया, पूर्व सैबेरियाच्या किनाऱ्यावरचा गुलाब. वाळूत उगवतो, खारा वारा सोसतो, कडाक्याच्या थंडीत टिकतो. पान जाड आणि सुरकुतलेलं, नावाचा अर्थच तो. काळा ठिपका जवळजवळ फिरकत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, पानांवर बुरशीनाशक, निंबोळी तेल, साबण, काहीही मारू नका, पानं करपतात आणि झडतात. काळजीने मारलेले रुगोसा रोगाने मेलेल्यांपेक्षा जास्त निघतील. दोन, स्वतःच्या मुळांवर असेल तर फुटवे लांबपर्यंत पळतात. वाट किंवा भिंत जवळ असेल तर कुदळीने वर्षातून एकदा कड तोडा. चुनखडीची माती त्याला आवडत नाही, तिथे तोही पिवळा पडतो.

पानगळ:
फुटवा खुंटाचा की झाडाचा हे ‘सात पर्णिका म्हणजे खुंट’ म्हणून ठरवतात, ते इथे चालत नाही. झुडपी गुलाबांत सात-नऊ पर्णिका सर्रास. माती बाजूला करून फुटवा कुठून निघालाय ते बघा. जोडाच्या खालून असेल तर खुंटाचा. तो कापू नका, खाली ओढून उपटा. कापला तर तिथलेच दडलेले डोळे तिपटीने उठतात.

नावाडी:
जातींची यादी मागितली होती ना. द फेअरी (१९३२), छोटी गुलाबी फुलं, काडी सहज रुजते, पण गरम कोरड्या हवेत लाल कोळी तिच्यावर तुटून पडतो. केअरफ्री ब्युटी (१९७७), आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रिफिथ बक यांनी काढलेली. त्यांच्या बऱ्याच जाती कडक थंडीसाठी. कॅनडाच्या एक्सप्लोरर मालिकेतल्या जॉन कॅबट, विल्यम बॅफिन याहून थंड जागेसाठी. नॉक आऊट, विल्यम रॅडलर यांची, २००० साली बाजारात आली. मेलेली फुलं खुडायलाही लागत नाहीत. उष्ण प्रदेशात ओल्ड ब्लश, म्युटॅबिलिससारखे चिनी गुलाब सरस. जर्मनीच्या एडीआर (ADR) या नव्या गुलाबांच्या परीक्षेत रोपं तीन वर्षं औषधाशिवाय ठेवून तपासतात, ती अक्षरं चिठ्ठीवर दिसली तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शेणगोळा:
चिठ्ठीवर ‘रोगप्रतिकारक’ तर सगळ्यांच्याच असतं.

नावाडी:
म्हणून तर कुणी तपासलं ते बघायचं. शिवाय काळ्या ठिपक्याचे वंश अनेक आहेत. एका प्रदेशात टिकलेली जात दुसरीकडे लोळण घेऊ शकते. शेजारच्या बागेत औषधाविना काय उभं आहे ते चिठ्ठीपेक्षा खरं.

खुंटमोड:
नॉक आऊटचं पूर्ण सांगा की. काळ्या ठिपक्याला टिकतो, पण उत्तर अमेरिकेत रोझेट विषाणूने त्याचे ताटवेच्या ताटवे साफ केलेत. डोळ्याला न दिसणारा कोळी तो विषाणू वाऱ्यावरून आणतो. लालभडक जाड कोंब, काट्यांची गर्दी, केरसुणीसारखा गुच्छ. औषध नाही. मुळासकट काढून पिशवीत बंद करायचं. पण निव्वळ लाल कोंब बघून घाबरू नका, निरोगी नवी पालवीही लाल असते आणि पुढे हिरवी होते. तणनाशकाचा शिंतोडा उडाला तरी पानं चिंचोळी होऊन गुच्छ येतो, मात्र तिथे काटे वाढत नाहीत.

कळी_७:
माझ्या पानांना कडेने गोल गोल तुकडे कापलेत, अगदी नाणं ठेवून कापल्यासारखे. अळी?

पानगळ:
पानकाप्या मधमाशी. तुकडे घरट्याला अस्तर म्हणून नेते, खात नाही. झाडाला काही होत नाही. फवारू नका, तीच परागीभवन करते.

कळी_७:
मग राहू दे, शिवणकाम चांगलं आहे तिचं 😊

चहाटळ:
मावा आल्यावर काय करता? मी पाण्याचा फवारा सांगतो. सकाळी जोरात, पानाच्या खालून, तीन दिवस लागोपाठ. आठवडा थांबा, मावा खाणारे लेडीबर्ड किडे येतात. आधीच विष मारलं तर आधी ते मरतात, मावा आठवड्यात परत. आणि मावा आला की नत्र कमी करा. युरियाने आलेली लुसलुशीत पालवी म्हणजे त्याला जेवणाचं ताट.

तिरपी_कातर:
+१. झुडपी गुलाबाला वर्षाला दोन घमेली कंपोस्ट, दोन इंच आच्छादन, बुडापासून चार बोटं दूर. बहर मोठा हवा असेल तर एका बहरानंतर हलकं संमिश्र खत. कडक थंडी पडते तिथे ती यायच्या सहा-आठ आठवडे आधी नत्र बंद, नाहीतर कोवळे कोंब काळे पडतात.

रुजवण:
काडी लावण्याबद्दल. नुकतंच फूल गळलेली काडी घ्या, पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंच, चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा. आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संजीवक) भुकटी झटकून लावा, गोळा नको. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, दोन डोळे आत. वरून कापलेली बाटली पालथी, उजेडात पण उन्हात नाही. चार ते सहा आठवडे ओढून बघायचा मोह टाळा. पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नाही. काडीतल्या साठ्यावरही पालवी येते आणि मग एका दिवसात मान टाकते. हलकं ओढल्यावर माती धरून ठेवत असेल तरच बाटली आधी तासभर, मग दिवसभर काढा.

चहाटळ:
बटाट्यात खोचून लावतात ते?

रुजवण:
बटाटा कुजतो, काडी त्याच्याबरोबर. पुढचा प्रश्न.

गच्चीकर:
कुंडीवाल्यांना विसरलात. सोळा इंचाच्या खाली झुडपी गुलाब नको, मुळं गोल फिरतात. दर सहा आठवड्यांनी कुंडीच्या दुप्पट पाणी सोडून क्षार धुवून काढा. पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी साय दिसली तर तेच कारण. दर दोन-तीन वर्षांनी झाड उपसून मुळांचा बाहेरचा इंचभर थर कापा आणि माती बदला.

खुंटमोड:
शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येत असेल तर आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत कापा. तपकिरी दिसला की अजून खाली. मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट: मोरचूद १ भाग, चुना १ भाग, पाणी १० भाग. लोखंडी भांड्यात कालवू नका. कातरी प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

शेणगोळा:
कातरीवरून आठवलं, स्प्रिंग तुटली तर मिळते का सुटी?

तिरपी_कातर:
मिळते. बायपास कातरी (दोन पाती एकमेकांजवळून सरकणारी) असेल तरच दुरुस्त करा, ऐरणीवाली काडी चेचते, ती वाळक्या फांद्यांना ठेवा. धार फक्त तिरप्या बाजूने, सपाट बाजूला एकदाच चोळून कंगोरा काढायचा.

सुरकुती:
रुगोसाची मेलेली फुलं खुडू नका हे राहिलं. मागून टोमॅटोसारखी लाल बोंडं येतात, पक्षी खातात. आत बियांभोवती बारीक केस असतात, ते हाताला भयंकर खाजतात.

कळी_७:
त्या बिया लावल्या तर?

रुजवण:
लावा की. गर धुवून काढा, ओल्या कागदात गुंडाळून डबीत, फ्रिजमध्ये ४ अंशांवर आठ ते बारा आठवडे. मग पाव इंच खोल. सगळ्या एकदम उगवत नाहीत, काही पुढच्या वर्षी उठतात, म्हणून ट्रे फेकू नका. रोप आईसारखं निघेलच असं नाही. आई बारमाही फुलणारी असेल तर काही रोपं दोन-तीन महिन्यांतच कळी धरतात. एकदाच फुलणारी असेल तर दोन-तीन वर्षं.

कळी_७:
डबीवर तारीख लिहून ठेवते. घरात कुणीतरी फेकून देणारच आहे.