रोजची बेरीज डेटाबेसात करायची की पायथनमध्ये? पावसाच्या आलेखावरून चर्चा

शिवारपाऊस: आमच्या पर्जन्यमापकाची नोंद दर 15 मिनिटांनी पोस्टग्रेस या डेटाबेसात जाते. वर्षाला 35,040 ओळी. दहा वर्षांच्या आलेखासाठी साडेतीन लाख ओळी पायथनमध्ये ओढून आणणं मला पटत नाही. पडद्यावर आडवे दीड-दोन हजार ठिपके मावतात, बाकीचे एकमेकांवर चढून नुसता निळा पट्टा दिसतो. डेटाबेसाला विचारतानाच, म्हणजे क्वेरीतच, 'ग्रुप बाय' लावून तारखेनुसार बेरीज करा आणि मॅटप्लॉटलिबला, म्हणजे पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीला, रोजचा एक आकडा द्या. डेटाबेस याच कामासाठी असतो.

काळी_माती: मी पूर्ण विरोधात. साडेतीन लाख ओळी पांडाजला (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) जड नाहीत, साध्या लॅपटॉपवरही चालतं. आधी बेरीज केली की मापकाचा बिघाड लपतो. आतली डोलणारी बादली दर 0.2 मिमीला कलंडते. नरसाळ्यात पाला अडकला की पाऊस कोसळत असताना शून्य, आणि मग पाणी झिरपत राहून ऊन पडल्यावरही तासन्‌तास थोडी थोडी नोंद. 15 मिनिटांच्या रेघेत हे लगेच डोळ्यांत भरतं. बेरजेत तोच दिवस हलक्या सरींचा म्हणून खपतो. माझा एक अख्खा जुलै असा वाया गेलाय.

शिवारपाऊस: मान्य, मग तो महिना कच्चा काढून बघा. दहा वर्षं कशाला?

काळी_माती: कुठला महिना बघायचा हे आधी कुठे माहीत असतं?

घाटावरची: मापक आठवडाभर बंद पडला तर काय, हे दोघांनीही धरलं नाही. 'ग्रुप बाय'मध्ये त्या दिवसांची ओळच येत नाही, आणि मॅटप्लॉटलिब 12 जुलैचा ठिपका थेट 20 जुलैला जोडतं: मधे न पडलेला पाऊस. पांडाजच्या रीसॅम्पलमध्ये (नोंदी ठरावीक कालावधीत गोळा करणारी सोय) बेरीज घेतली तर तिथे शून्य येतं, म्हणजे खोटी उघडीप. मिन-काउंट 1 दिलं, म्हणजे निदान एक नोंद असेल तरच बेरीज कर असं सांगितलं, तरच जागा रिकामी राहते. क्वेरीत करायचंच तर जनरेट-सिरीजने सगळ्या तारखा उभ्या करून त्यांना नोंदी लेफ्ट जॉइनने जोडा, म्हणजे नोंद नसलेली तारीखही टिकते.

शिवाय 'रोज' म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30ला संपतो. सांताक्रूझचे 944 मिमी हे 27 जुलै 2005च्या सकाळी 8:30पर्यंतच्या 24 तासांचे. डेटाबेसाचं सेशन यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर डेट-ट्रंक, म्हणजे वेळ छाटून तारीख ठेवणारं फंक्शन, दिवस पहाटे 5:30ला तोडतं. पहाटेनंतरची झड भलत्याच तारखेला जाते, खात्याच्या आकड्यांशी मेळ बसत नाही.

शिवारपाऊस: साडेआठचं मी आजवर धरलंच नव्हतं, आजच बदलतो. पण हा नियम व्ह्यूमध्ये (डेटाबेसात साठवलेली तयार क्वेरी) एकदा लिहिला की प्रत्येकाच्या आलेखाला तोच लागेल. म्हणून तर डेटाबेसात म्हणतोय.

काळी_माती: आणि व्ह्यू चुकला तर सगळ्यांचेच आलेख सारखे चुकतील, शंकाही येणार नाही. माझ्याकडे वर कच्ची नोंद, खाली रोजचे स्तंभ, एकाच चित्रात.

घाटावरची: स्तंभांत बंद दिवस कोरड्या दिवसासारखाच दिसतो. त्या तारखांच्या मागे राखाडी पट्टा टाका.