वर्षाच्या शेवटी वन्यप्राणी उद्यानाची सहल: न्यावी की नको?

खडू-फळा

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. एकतीस मुलं आहेत. परीक्षा संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंत जे दहा-बारा दिवस उरतात त्यांचं काय करायचं, हा दरवर्षीचा प्रश्न. मुलांचं लक्ष उडालेलं असतं आणि आम्ही निकालपत्रकांत बुडालेले. यंदा मी ठरवलंय की वर्ग मुलांनीच आवरायचा, भिंतीवरची चित्रं ज्याची त्याला परत द्यायची. पुढच्या वर्षी या वर्गात येणाऱ्या दुसरीतल्या मुलांना प्रत्येकाने एक पत्र लिहायचं, 'इथे खिडकीजवळ बस' किंवा 'पाढ्यांना घाबरू नकोस' असं काहीही. एक दिवस वाचनाचा, एक खेळांचा. आणि शेवटून दुसऱ्या दिवशी वन्यप्राणी उद्यानाची सहल.

सहलीबद्दल माझं मत ठाम आहे. सगळं उद्यान पालथं घालायचं नाही. तीनच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा तास. हातात प्रश्नांचा कागद द्यायचा नाही. गेल्या वर्षी आम्ही तीन तासांत सगळे प्राणी 'उरकले' आणि दुसऱ्या दिवशी मुलांना आठवत होती ती बसमधली गाणी. एका मुलीने मात्र जिराफापाशी पाय रोवले होते. काळपट जांभळी, हातभर लांब जीभ बाहेर येते, फांदीला वेढा घालते, पानं ओरबाडून आत जाते, पुन्हा बाहेर येते. ती बघतच राहिली. "बाई, जीभ काळी कशी?" म्हणाली, आणि मी तिचा हात धरून तिला रांगेत ओढलं. बस सुटायची वेळ झाली होती.

शिक्षकांच्या बैठकीत दोघांनी ही सहलच बंद करा म्हटलं. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त मास्तर

बाई, सहल जरूर न्या, पण शेवटी का? चौतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, म्हणून अधिकाराने बोलतो. शेवटच्या आठवड्यातली सहल हे बक्षीस असतं, त्याला शिक्षण म्हणू नये. तिथे मुलाच्या डोक्यात प्रश्न उगवतो आणि दोन दिवसांनी शाळेला कुलूप लागतं. तो प्रश्न घेऊन त्याने जायचं कुठे?

त्या मुलीचंच घ्या. जीभ उन्हाने भाजू नये म्हणून ती गडद असावी, असं मानतात. हे तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं असतंत तर तिथून मान निघाली असती. एवढ्या लांब मानेत मणके किती? सात. आपल्या मानेत? तेही सातच. मग तीसही मुलं आपापल्या मानेवर हात फिरवून मणके शोधत बसतात. मी हे वर्गात पाहिलंय. हा धडा सहलीनंतरच रंगतो. सहल वर्षाच्या मध्यावर न्या.

शंभर प्रश्न

मास्तर, तुमचा मान राखून सांगते, मला हे अजिबात पटत नाही. प्रत्येक गोष्टीतून काहीतरी शिकलंच पाहिजे हा हट्ट कशाला? माझा मुलगा अबोल आहे. वर्षभर वर्गात त्याचं कुणाशी फारसं जमलं नाही. शेवटच्या सहलीत बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाशी त्याची गट्टी जमली, ती आजतागायत आहे. कोणते प्राणी पाहिले हे त्याला धड सांगता आलं नाही आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. वर्षभर एकत्र बसलेल्या मुलांनी एक दिवस नुसतं एकत्र हुंदडावं, एवढं कारण सहलीला पुरेसं आहे.

मोकळं रान

हुंदडायला मैदान आहे, नदीकाठ आहे. त्यासाठी कुणाला तरी कोंडून ठेवायची गरज नाही. माझा विरोध सहलीला नाही, जागेला आहे.

अर्धा तास थांबणार म्हणता ना बाई? मग मुलांना काय दिसेल तेही सांगते. पाच मिनिटांत पुढे सरकणाऱ्याला वाटतं, वाघ फिरतोय. अर्धा तास थांबलेल्याला दिसतं की तो त्याच पायवाटेवरून, त्याच कोपऱ्यावर वळून, पुन्हा पुन्हा तेवढ्याच येरझाऱ्या घालतोय. तिथली माती घासून गुळगुळीत झालेली असते. 2003 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांचा अभ्यास आला. रानात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझाऱ्या जास्त आणि त्यांची पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वलाला बंदिवासात मिळणारी जागा त्याच्या रानातल्या किमान वावराच्या दहा लाखाव्या भागाएवढी भरते, असं त्यात मांडलंय. आठ वर्षांच्या मुलांना हे दाखवून आपण काय शिकवतो? की आपल्या हौसेसाठी हे चालतं?

पाणवठा

सहा वर्षं एका वन्यप्राणी उद्यानात शाळेच्या मुलांना माहिती द्यायचं काम केलं आहे, म्हणून लिहितो. मोकळं रान ताई, येरझाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. आम्ही ते रोज बघायचो. पण सगळी उद्यानं एका मापाने मोजू नका. अरबी ओरिक्स हे पांढरं, लांब सरळ शिंगांचं हरीण 1972 साली रानातून पुरतं संपलं. जे उरलं ते उद्यानांत आणि खासगी कळपांत. त्यांचीच पिल्लावळ वाढवून 1982 पासून ओमानच्या वाळवंटात सोडली. 2011 साली धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त'मधून एक पायरी सुधारली. उद्यानं नसती तर आज ओरिक्स फक्त चित्रात असता.

आणि बाई, तुमचा 'कमी प्राणी, जास्त वेळ' हा बेत शंभर टक्के बरोबर. फक्त वेळ सांभाळा. दार उघडताच आत शिरा. सिंह दिवसाचे वीस तासही लोळून काढतो, भर दुपारी नेलंत तर मुलं "हा मेलाय का?" विचारतात आणि काचेवर थापा मारतात. प्राण्यांना खायला घालायची वेळ आधी फोन करून विचारून घ्या, त्या अर्ध्या तासात जे दिसतं ते दिवसभरात दिसत नाही. शेळ्या-मेंढ्यांना हात लावायची सोय असेल तर डबा उघडण्याआधी साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवायचेच. बाटलीतल्या जेलने सगळे जंतू मरत नाहीत. एकतीस मुलं, दोन नळ, म्हणजे वीस मिनिटं धरून चाला.

मोकळं रान

ओरिक्सची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत, दादा. ओमानमधल्या त्याच ओरिक्स अभयारण्याला 1994 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता. पुढे तिथे चोरटी शिकार झाली, ओरिक्स 450 वरून 65 वर आले, तेलाच्या शोधासाठी सरकारने नव्वद टक्के क्षेत्र कमी केलं आणि 2007 साली तो दर्जा गेला. वारशाच्या यादीतून काढलेलं ते पहिलंच ठिकाण. रानच राखलं नाही तर उद्यानात वाढवून सोडायचं कुठे? आणि मुलं बघायला जातात ते हत्ती, सिंह, जिराफ. त्यातले किती रानात परत सोडले जातात?

पाणवठा

फार थोडे. हे मी मान्य करतो. पण ओरिक्सची ही दुसरी अर्धी गोष्ट मुलांना सांगायला जागा कुठली? मी ती ओरिक्ससमोर उभं राहूनच सांगायचो, आणि पोरं एकदम गप्प व्हायची.

खडू-फळा

मोकळं रान ताई, एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, ती आता लिहिते.

गेल्या वर्षी लांडग्याच्या कुंपणापाशी एक मुलगा मोजत होता. बोटांवर. मी विचारलं काय मोजतोस, तर म्हणाला, "तो त्या दगडाला हात लावून परत येतो. सतरा वेळा झालं." लांडगा खरंच प्रत्येक फेरीत त्या एकाच दगडाशी वळत होता. मुलाने विचारलं, "बाई, त्याचं काही हरवलंय का?" मी म्हटलं, "व्यायाम करतोय तो." सगळी मुलं हसली, तो नाही हसला. मला कारण माहीत होतं आणि मी त्याच्याशी खोटं बोलले, कारण सहलीच्या दिवशी वाईट काही बोलू नये असं मला वाटलं. वर्षभर "निरीक्षण करा, निरीक्षण करा" म्हणणारी मी, आणि ज्याने खरंखुरं निरीक्षण केलं त्यालाच गप्प केलं.

म्हणून यंदा अर्धा तास. दिसेल ते दिसू दे, आणि विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं.

मोकळं रान

हे वाचून वाईट वाटलं. तरीही माझं मत बदलत नाही. खरं उत्तर वर्गातही देता येतं, त्यासाठी तिथे तिकीट काढायला नको. पण त्या मुलाला तुम्ही विसरला नाहीत, हे बरं वाटलं.

शंभर प्रश्न

सगळेजण जागा आणि वेळ यावर बोलताय. पैशांचं कुणीच काढलं नाही. आमच्या सूचनापत्रावर 'सहल ऐच्छिक' असं छापलेलं असतं. त्या शब्दाचा अर्थ ज्यांना पैसे भरता येत नाहीत त्यांना बरोब्बर कळतो. माझ्या मुलाच्या वर्गातली दोघं आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना 'आमची सहल' हे चित्र काढायला सांगितलं. त्या दोघांनी काय काढायचं? मास्तर, तुम्ही म्हणता तसं सहलीनंतर आठवडाभर त्यावरच वर्ग रंगला, तर त्या दोघांचा आठवडाही तसाच जाणार.

निवृत्त मास्तर

ताई, हा मुद्दा माझ्या ध्यानात यायला हवा होता. आला नाही. आमच्या वेळी मागे राहिलेली मुलं दुसऱ्या वर्गात नेऊन बसवायची पद्धत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. वर्गातलं एकही मूल मागे राहणार असेल तर सहल काढू नये. पुढचा वाद त्यानंतर.

खडू-फळा

मग असं करते. सूचनापत्र आत्ता काढत नाही. आधी शाळेच्या निधीतून सगळ्यांचं भागतं का ते मुख्याध्यापकांशी बोलते, नाही भागलं तर चालत जाता येईल तिथे जाऊ. सहल शेवटून दुसऱ्या दिवशी ठेवली होती, ती परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी आणते. वर्षाच्या मध्यावर नेणं यंदा माझ्या हातात नाही, पण असं केलं तर मास्तरांच्या प्रश्नांना निदान नऊ-दहा दिवस मिळतात. दुसरीच्या मुलांना लिहायच्या पत्रातही त्यातलं काही उतरेल. थांबे तीनाचे दोन केले, हात धुवायला वीस मिनिटं धरली.

खायला घालायची वेळ विचारायला उद्या उद्यानात फोन करणार आहे. तो लांडगा अजून तिथेच आहे का, तेही विचारते.

मोकळं रान

असेल तर त्याला आडोसा दिलाय का, तेही विचारा. लोकांना दिसणार नाही असा.