पुराच्या वेळी लांबून केलेली मदत: आपापले अनुभव लिहा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ च्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून घरात थांबलेली कितीतरी माणसं अडकली. आमची निम्मी सांगली तेव्हा पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात होती, आणि ‘इथं बसून काय करू?’ हाच सगळ्यांचा प्रश्न. तुम्ही काय केलंत, त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं, ते लिहा. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांनी तर नक्की लिहा.

गावभाग (सांगली), सध्या शारजा

आई-अण्णा वरच्या मजल्यावर अडकलेले, लाइट गेलेली. आईनं ठरवलं, फोन सकाळी आणि दिवेलागणीला तेवढाच चालू करायचा. तेवढ्या वेळात रडायचं नाही, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. गल्लीत कोण कुठल्या मजल्यावर आहे, कुणाचं इन्शुलिन संपलंय, कुणाला उचलून न्यावं लागेल, एवढंच विचारायचं. मी यादी करून बोटीवरच्या पोरांना पाठवायचे. सुटका झाली की नाव लगेच काढायचं, हे फार महत्त्वाचं. नाहीतर जुना निरोप ग्रुपांवर फिरत राहतो आणि बोट रिकाम्या घरापाशी जाते. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटल्याचं कळलं तेव्हा आई बोटीत बसायला तयार होईना. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला राजी केलं.

भिलवडी

पाणी होतं तोवर बाहेरच्यांचे फोन अखंड. ओसरल्यावर खरं काम सुरू झालं आणि फोन कमी झाले. घरात घोटा बुडेल एवढा गाळ, त्यात कुजलेलं धान्य. कपाटांची दारं फुगून उघडेनात. तेव्हा हवे होते खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर. टेम्पोतून उतरले जुने कपडे. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही, पण भर पावसात ते ठेवायचे कुठं? चौकात ढीग भिजला आणि गाळासोबत तोही आम्हीच उचलला. एका बाईंनी मात्र नव्या साड्या, परकर, आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड अशा वेगवेगळ्या पिशव्या भरून आणल्या. त्यांनी आधी गावातल्या कुणा बाईला विचारलं असणार. जनावरांचं तर कुणाच्या ध्यानातच नव्हतं. दावणीची म्हैस सोडायची नाही म्हणून माणसं मागं राहिली होती, त्यांना चारा हवा होता.

लातूर

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. सांगली बुडाली म्हटल्यावर घरात बसवेना. गल्लीनं वर्गणी काढली आणि मिरजेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडूनच भांड्यांचे संच घेऊन वाटायला सांगितले. गाडीभाडं वाचलं, तिथल्या दुकानाचाही धंदा झाला.

पाटण, सध्या नवी मुंबई

आमच्यावर कोसळली ती दरड. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथली घरं माणसांसकट गाडली गेली. ते अजून लिहवत नाही. आमच्या खोऱ्यातली पुष्कळ माणसं इथं माथाडीत आहेत, सगळ्यांनी पैसे काढले. मंडळाच्या बैठकीत एक जाणते म्हणाले, ‘आत्ता धान्य सगळेच देतील, पुढच्या जूनला कोण विचारणार?’ म्हणून निम्मे पैसे बाजूला ठेवले. पोरांची पुस्तकं, फी, एकाचा आयटीआयचा प्रवेश त्यातून झाला. घरांबरोबर कागदही गेले होते. ऑनलाइन सातबारा काढणं, रेशनकार्डाचे आणि बँकेच्या पासबुकाचे अर्ज भरून देणं, हे आमच्या तरुण पोरांनी इथं बसून केलं. मला तर ही मदत पैशाहून मोठी वाटते, कारण कागदाशिवाय भरपाईच्या यादीत नावच लागत नाही.

खणभाग (सांगली), सध्या अमेरिका

भाऊ म्हणाला, पैसे नकोत, वायरमन बघून दे. प्रत्येक घराच्या बोर्डात गाळ बसलेला. मी विट्याच्या एका वायरमनची मजुरी दिली आणि तो आमच्या गल्लीत घरोघर फिरला. बोर्ड उघडून, धुऊन, पूर्ण सुकल्यावर तपासायचा, तोवर मेन स्विचला हात लावू द्यायचा नाही. कुणाला असं करायचं असेल तर पुराच्या पट्ट्याबाहेरचा माणूस आधीच बोलून ठेवा. पाणी ओसरल्यावर गावातल्या वायरमनच्या स्वतःच्या घरात गाळ असतो.