इस्ला मुहेरेस, सासूबाई आणि चिकू (तुमचेही मेक्सिकोचे किस्से येऊ द्या)

निवांत_नयना:
काल फ्रोझन चिकूचं पाकीट फोडलं आणि एकदम मेक्सिकोतलं इस्ला मुहेरेस बेट आठवलं. डिसेंबर २०१८, सासूबाई आमच्याकडे डॅलसला आलेल्या. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही म्हणून कानकूनचं काढलं. चिचेन इत्साचे माया अवशेष वगैरे धावपळ झालीच पण लक्षात राहिला तो काहीच न केलेला दिवस. फेरीने वीसेक मिनिटं, उतरून गोल्फ कार्ट भाड्याने घेतली, बेट इनमिन सात किलोमीटर. सासूबाई पुढे, पर्स पोटाशी, साडीवर माझी कॅप. पुंता सुरच्या कड्यावर इग्वाना ऊन खात पडलेले तर ह्या ओरडल्या, "अगंबाई घोरपड!" दुपारी प्लाया नोर्ते. पाणी इतकं उथळ की साडी गुडघ्यापर्यंत खोचून तासभर उभ्या, बाहेर यायलाच तयार नाहीत. मग तिकिन शिक खाल्लं, म्हणजे अचियोतेचं लाल वाटण लावून केळीच्या पानात भाजलेला मासा. सासूबाईंनी काटे असे साफ केले की वेटरने न मागता अजून लिंबं आणून ठेवली.
परत आल्यावर हॉटेलच्या बागेत झाडावर पाटी, चिकोसापोते. मी म्हटलं आई चिकू मूळचा इकडचाच, पूर्वी च्युइंगगम ह्याच्याच चिकापासून करायचे. माहेर घोलवडचं, पटणार कसं? "चीक निघतो म्हणून चिकू, ह्यात मेक्सिको कुठून आलं? झाडं माझ्या आजोबांनी लावलीत."

कुकरची_शिट्टी:
😂😂 आजोबांनी लावलीत!! पुढचं रात्री वाचते, पोळ्या चालू आहेत

घाटावरचा:
तुलुमला आम्ही जुलैत गेलो ती चूक. कड्यावरून देवळाचे अवशेष आणि खाली निळंशार पाणी, फोटो झकास. खाली उतरलो तर सरगासम, तपकिरी शेवाळाचे ढीग आणि कुजक्या अंड्यांचा वास. बायको म्हणे ह्यापेक्षा अलिबाग बरं होतं. सावली पण नाही कुठे. सकाळी लवकर जा रे बाबांनो.

शुद्ध_शाकाहारी_पण:
फ्रिहोलेस म्हणजे आपला राजमाच समजून तीन दिवस ओरपला. चौथ्या दिवशी कळलं बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी घालतात. "सिन मांतेका" (चरबी नको) पाठ करून जा. घरी अजून सांगितलेलं नाही, इथे कोणी ओळखीचं असेल तर गप्प बसा.

घाटावरचा:
@शुद्ध_शाकाहारी_पण पण चव कशी होती ते सांग 😜

शुद्ध_शाकाहारी_पण:
तोच तर प्रॉब्लेम आहे

तांबडा_पांढरा:
आमचा भाऊजी, कोल्हापूरचा, हबानेरो मिरचीची चटणी समोर आली तर म्हणे आम्हाला तिखट शिकवू नका. चमचाभर घेतली. पुढची पंधरा मिनिटं माणूस बोलला नाही, नुसता हिबिस्कसचं लाल सरबत पितोय. मिरचीच मुळात त्यांच्याकडून आपल्याकडे आली म्हटल्यावर आणखी चिडला.

कुकरची_शिट्टी:
आले परत. आमचा किस्सा बिलाचा. जेवण झालं, बिल येईचना, पाऊण तास बसलो, नवरा तापला की आपल्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतायत. शेजारच्या टेबलवरच्या आजींनी हवेत सही केल्यासारखा हात केला आणि लगेच आलं. तिकडे मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे उठा म्हटल्यासारखं. "ला क्वेंता पोर फावोर". तेवढंच स्पॅनिश येतं अजून. आणि बीचवर काडीला लावलेला आंबा, वर तिखट, मीठ, लिंबू, अगदी शाळेबाहेरची कैरी!

नवीन_आयडी_२:
फ्रोझन चिकू कुठे मिळाले? आमच्याकडे फक्त सीताफळाचा पल्प असतो.

निवांत_नयना:
@नवीन_आयडी_२ इंडियन स्टोअरलाच, खालच्या फ्रीजरमध्ये नारळाच्या मागे बघा. मिल्कशेकलाच घ्या, नुसते खायला पिठूळ लागतात.
आत्ता सासूबाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. हसल्या खूप. म्हणाल्या घोरपडीचा फोटो पाठव, आणि ते चिकूचं तेवढं खोडून टाक.